मालिकेत नसलेले वाक्य

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी बरेच तपास केले. त्यातले अनेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पूर्णा तालुक्यातली ती घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. तपास पूर्ण झाला, दोषारोपपत्र गेले, न्यायालयाने शिक्षाही दिली, तरी ते प्रकरण मला पुरते कळले असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. संबंधित माणसे हयात आहेत, म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही.

त्या वेळी एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. गुरुवारची दुपार होती. जेवण करून मी तक्रार अर्जांचा निपटारा करत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार फोन घेऊन आत आला. चुडाव्याच्या पुढच्या एका गावचे पोलीस पाटील बोलत होते. माणूस शांत स्वभावाचा, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला होता.

"साहेब, जीप घेऊन या. मेलेला माणूस बोलायलाय."

"पाटील, नीट सांगा. कोण मेलेला?"

"गेल्या साली हिरीत सापडला नव्हता का, त्यो. सुनेच्या अंगात आलाय. मला मारलं म्हनायलाय. अन् लोकं गुरुजीच्या घराकडं निघालेत, साहेब."

पाटलांच्या पहिल्या वाक्यांवर मी एरवी हसलो असतो. शेवटच्या वाक्यावर उठलो. स्टेशन डायरीत भुताची नोंद करायला जागा नसते, जमावाची करावी लागते. सोबत मिळेल तेवढा स्टाफ आणि महिला हवालदार घेऊन आम्ही निघालो.

ज्यांना गाव गुरुजी म्हणत होते ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. बौद्ध वस्तीत त्यांचे घर, आणि शेत त्या मयताच्या शेताला लागून. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्या दारासमोर मोठा घोळका जमला होता. अजून कोणी हात उचलला नव्हता, पण आवाज वाढले होते आणि बौद्ध वस्तीतली आणि बाकी गावातली तरुण मुले समोरासमोर आली होती. अशा वेळी पुढे काय होऊ शकते हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. मी जीप मधोमध उभी केली आणि सगळ्यांना मागे हटवले. दार उघडून गुरुजी बाहेर आले. इस्त्रीचा सदरा घातलेला होता. बहुधा मार खायचा असेल तर नीट कपड्यांत खावा असे त्यांनी ठरवले असावे.

"साहेब," ते म्हणाले, "माझ्यावर आरोप काय आहे तेवढं मला कळू द्या. फिर्यादी कोण आहे?"

फिर्यादी मेलेला होता. मी त्यांना आत बसायला सांगितले, दारावर दोन शिपाई ठेवले आणि मयताच्या घराकडे गेलो.

तिथले दृश्य मी विसरलेलो नाही. अंगणात माणूस मावत नव्हता. भिंतीला टेकून एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई बसली होती, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या पायांवर डोके ठेवून तिची सासू रडत होती. सासू इतकी वाळली होती की चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. गोठ्याच्या खांबाला धरून तिचा मुलगा, म्हणजे त्या बाईचा नवरा, उभा होता. त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

बाई खोकली. म्हातारा, तंबाखू खाणारा माणूस खोकतो तशी. मग जड आवाजात बोलली.

"म्या उडी मारली न्हाई. तुझ्या बोलन्यानं गेलो न्हाई म्या. ऐकायलीस का? तुझी काय बी चूक न्हाई."

गर्दीतून कोणीतरी ओरडले, "मग कुनी मारलं, सांगा! शेजाऱ्यानं का?"

बाईने मान डोलावली की नुसती हलवली, हे मी दोन हातांवर उभा असूनही सांगू शकत नाही. गर्दीने मात्र ती डोलावली असेच धरले. मग ती कण्हल्यासारखी म्हणाली, "पाय जळायलाय माझा," आणि एका बाजूला कलंडली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

बाईला घरात नेऊन निजवले. पोलीस पाटलांनी मला मागची हकीकत सांगितली. साधारण वर्षापूर्वी या घरचा कर्ता माणूस, वय पन्नाशीच्या पुढे, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीवर, झोपायला गेला होता. अंगात ताप होता. बायको नको म्हणत होती, तो ऐकेना. तेव्हा ती चिडून म्हणाली, "जावा मग, पडा त्या हिरीत!" शेजारपाजारच्यांनी ते ऐकले होते. नंतर तो खरोखर विहिरीत सापडला. त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी अकस्मात मृत्यू दाखल केला. प्रेत पाण्यात राहून खराब झाले होते, व्हिसेरात विष निघाले नाही, मोटार चालू करताना पाय घसरला असावा असा निष्कर्ष निघाला आणि कागद बंद झाला. कागद बंद झाला तरी गाव म्हणत राहिले की बायकोचे बोलणे लागले आणि माणसाने उडी मारली. बायकोनेही तसेच धरले. तिने जेवण सोडल्यासारखेच केले होते.

आणि गुरुजी? मयत मरण्याआधी काही दिवस गुरुजींचे त्या घराशी बांधावर भांडण झाले होते. एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या अंगणात हजर असलेल्यांचे जबाब घ्यायला सुरुवात केली. माझा गोंधळ खरा तिथून वाढला. साक्षीदारांचे जबाब जुळत नाहीत ही तपासातली रोजची अडचण. इथे ते भलतेच जुळत होते. पहिल्या खेपेला, आम्ही पोहोचायच्या आधी, अंगात आले तेव्हा दिवा आपोआप विझला, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने तेच सांगितले, तिसऱ्याने तेच. घरात विजेचा बल्ब होता, दिवा नव्हताच. भिंतीवरच्या आरशाला तडा गेला, असे एका शहाण्यासुरत्या माणसाने शपथेवर सांगितले. मी जाऊन पाहिले. त्या घरात दाराजवळ एकच आरसा होता आणि तो धडधाकट होता. मी त्या माणसाला आरसा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"मग म्या कुठं बघितला, साहेब?" तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. खोटे बोलणारा माणूस लगेच दुसरे काहीतरी सांगतो. हा नुसता गांगरून गेला होता.

ठाण्यात परत आल्यावर मी ते जबाब महिला हवालदारांच्या पुढे टाकले. त्या परभणीला राहत, रोज ये-जा करत. त्यांनी दोन-तीन जबाब वाचले आणि म्हणाल्या, "सर, हा आरसा मी पाहिलाय."

"कुठे?"

"टीव्हीत. मागच्या आठवड्यात."

खुनांच्या तपासाची एक मालिका तेव्हा घरोघरी पाहिली जात असे. आमच्या ठाण्यातही जेवणाच्या सुट्टीत चर्चा तिचीच. तिच्या त्या भागात बुडून मेलेल्या सासऱ्याचा आत्मा सुनेच्या अंगात येतो, दिवा विझतो, आरसा तडकतो आणि आत्मा शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. या मालिकांची एक रीत असते. सुरुवातीपासून भूत भूत म्हणून घाबरवतात आणि शेवटी ते माणसाचेच कारस्थान निघते. पाहणाऱ्याला भूत लक्षात राहते, शेवट राहत नाही, असा माझा अनुभव.

"मग शेवट काय होता?" मी विचारले.

"शेजारी निर्दोष असतो, सर. सून सोंग करत असते."

"हे गावात कोणीच कसं बोललं नाही?"

हवालदारबाईंनी पोलीस पाटलांनाच फोन लावला. पाटील जरा ओशाळून म्हणाले, "बाई, आमच्याकडं शेजाऱ्याकडं बोट दाखवलं अन् लाईट गेली. लोडशेडिंग. फुडं काय झालं ते कुनालाच ठाऊक न्हाई."

एका निरपराध माणसाच्या दारात जमाव गेला होता तो एवढ्यावर. मला हसावे की डोक्याला हात लावावा ते कळेना. सून सोंग करते आहे, मालिका पाहून करते आहे, तिला समज देऊन सोडावे आणि गावात बैठक घेऊन विषय संपवावा, असे माझे जवळपास ठरले होते. पण एक गोष्ट बसत नव्हती. मी हवालदारबाईंना विचारले, "मालिकेत तो आत्मा पाय जळतोय असं म्हणतो का?"

त्यांनी आठवून पाहिले. "नाही सर. तो पाण्यात मेलेला असतो. त्याला थंडी वाजत असते."

आमचा माणूसही पाण्यातच मेला होता. मग त्याचा पाय कशाने जळेल?

मी गुरुजींना सोबत घेऊन शेतावर गेलो. त्यांना गाडीत घालून नेताना गाव बघत होते, म्हणून मी त्यांना मुद्दाम पुढच्या सीटवर बसवले. वाटेत त्यांना भांडणाचे कारण विचारले.

"भांडण मयताशी नव्हतंच, साहेब. पोराशी होतं. त्यांच्या भुईमुगात रानडुकरं शिरायची म्हणून त्यानं बांधाला तार लावून त्यात करंट सोडला होता. माझं कुत्रं त्याला चिकटून मेलं. मी बोललो, उद्या माणूस मरंल म्हणून. त्याच्या वडिलांनी माझ्या देखत पोराला झापलं आणि तार काढायला लावली."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोणी विचारलं, साहेब? मला सगळे फक्त इतकंच विचारायले की तू का मारलंस."

बांधावर गवत वाढले होते. काठीने ते बाजूला केले तर बाभळीच्या बुटक्या खुंट्या ओळीने ठोकलेल्या दिसल्या, आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा बसवलेला. तार निघाली होती, खुंट्या राहिल्या होत्या. त्यांची ओळ आखाड्याच्या खोलीतल्या मोटारीच्या पेटीपर्यंत जात होती. विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती.

सुनेचा जबाब तिच्या घरीच, महिला हवालदारांसमोर घेतला. सासूला देवळात बसवून आलो होतो. मी खुंट्यांबद्दल बोललो तेव्हा तिने पदर तोंडात धरला.

"तू मालिका पाहिलीस ना?" हवालदारबाईंनी विचारले.

"पाहिली."

"त्यावरून सुचलं?"

"आत्याबाई मरायलेत हो बाई," ती म्हणाली. "वरीसभर बघायलेय मी. घास तोंडाजवळ नेतात अन् खाली ठिवतात. म्याच त्यास्नी हिरीत पडा म्हनले, असं घोकायलेत. मी सांगितलं तर कोन ऐकनार? माझं लोकं ऐकत न्हाईत. मामंजीचं ऐकतील म्हनलं. तुझी चूक न्हाई, एवढंच मला बोलायचं व्हतं. कुनाचं नाव घ्यायचं नव्हतं. गुरुजीचं तर न्हाईच न्हाई. लोकंच इचारायला लागले अन् मला काय सुचना."

"चूक सासूबाईंची नाही, हे तुला कसं माहीत?"

खाली बघत तिने सांगितले. त्या सकाळी ती न्याहारी घेऊन आखाड्यावर गेली तेव्हा नवरा तार गुंडाळत होता आणि रडत होता. सासऱ्याच्या चपला बांधाजवळ होत्या. मामंजी कुठायत विचारले तर तो म्हणाला, गावात गेलेत. नंतर प्रेत सापडले तेव्हा त्याच चपला विहिरीच्या काठावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तिने नवऱ्याला काही विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. वर्षभर ती दोघे ताटाला ताट लावून जेवत होती.

"आणि पाय जळतो म्हणालीस ते?" मी विचारले. "पायालाच तार लागली हे तुला कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा गोंधळ जास्त होता.

"मला ठाऊक न्हाई साहेब. पहिल्या बारीला सोंगच व्हतं. मी ठरवून केलं. त्या दिवशी तुमी आलात तवा मी काय काय बोलले ते मला या बाईनं आत्ता सांगितलं, तवा कळालं."

मुलाला त्याच दिवशी ठाण्यात आणले. मारहाणीची गरज मला नोकरीत फार वेळा पडली नाही. गुन्हेगार ओझे टाकायला जागाच शोधत असतो, ती दाखवावी लागते. मी टेबलावर पाइपाचा एक तुकडा ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या बायकोनं चपला बांधावर पाहिल्या होत्या."

त्याने तुकड्याकडे पाहिलेही नाही. "तिला ठाऊक व्हतं?" तो म्हणाला. "वरीसभर?"

मग तो थांबला नाही. कुत्रे मेल्यावर तार काढली होती, पण डुकरांनी पुन्हा अर्धा भुईमूग उकरला. म्हणून त्या रात्री वडील झोपल्यावर त्याने तार परत जोडली. उजाडायच्या आधी येऊन काढायची असे ठरवून घरी आला.

"डोळा लागला साहेब. जाग आली तवा उजाडलेलं. पळत गेलो. बाप बांधावर पडलेला. नडगीला तार." त्याने स्वतःच्या पायावर हात ठेवून जागा दाखवली. "म्या लाकडानं तार बाजूला केली. हलवलं. मग काय झालं मला कळना. बापाला म्या मारलं असं मायला कसं सांगू? हिरीत लोटलं."

जबाब लिहून होत असताना त्याने एकदम विचारले, "साहेब, त्यो खरंच आला व्हता का? माझ्या बापाचाच खोकला व्हता त्यो."

मी कागदाकडे बघून पुढचे वाक्य लिहिले.

त्याने आखाड्याच्या खोलीत पुरलेली तार काढून दिली, पंचांसमक्ष जप्त केली. सदोष मनुष्यवध, पुरावा नष्ट करणे आणि वीजचोरी अशी कलमे लागली. त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली आणि न्यायालयातही ती फिरवली नाही. पायाबद्दल मी स्वतःची समजूत बऱ्याच प्रकारे घातली. नवरा झोपेत बरळला असेल. मेलेल्या कुत्र्याचा जळलेला पाय तिने पाहिला असेल. दोन्ही शक्य आहे. त्यातले एकही मला सिद्ध करता आले नाही.

गुरुजींच्या घरी गावातली चार मोठी माणसे माफी मागायला गेली होती. त्यांनी चहा पाजला. जाताना एकाला ते म्हणाले म्हणे, "लाईट येईपर्यंत तरी थांबायचं होतं."

मुलाला अटक झाली त्या दिवशी त्याची आई ठाण्यात आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. ती रडेल, शिव्या देईल, असे मला वाटले होते. तिने कोठडीच्या गजांशी बसून त्याला खायला लावले. मग मला म्हणाली, "मला सांगितलं आसतं तर मी काय त्याला टाकून दिलं आसतं का, साहेब? मला वाटू दिलं वरीसभर, म्याच केलं म्हनून." आणि तिथेच, ठाण्याच्या ओट्यावर, उरलेली भाकरी तिने स्वतः खाल्ली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. तपासात आपण एकच प्रश्न धरून चालतो, कोणी केले. त्याचे उत्तर मिळाले की फाईल बंद होते. त्या घरात मात्र कोणालाच तो प्रश्न पडलेला नव्हता. सासूला वाटत होते मी केले, मुलाला माहीत होते त्याने केले, सुनेला दोघांचेही माहीत होते. त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते, म्हणून बोलायला एक मेलेला माणूस लागला. मालिका नसती तर तिने दुसरे काही शोधले असते, की गप्पच राहिली असती? मला सांगता येत नाही. माणसे खोटे का बोलतात हे मला नोकरीने पुष्कळ शिकवले. खरे बोलायला त्यांना काय काय लागते, ते मी या एका प्रकरणात पाहिले, आणि पाहूनही ते मला उलगडले नाही.

निवृत्तीनंतर एका शनिवारी मी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेतून बाहेर पडलो तेव्हा मागून हाक आली.

"साहेब, वळखलं का?"

तीच सून होती. अंगाने थोडी भरलेली. नवरा अजून तुरुंगात होता. शेती ती आणि सासू मिळून बघत होत्या. सासूबाई कशा आहेत, जेवतात का, असे मी विचारले.

"जेवतात. चांगल्या हायेत." मग ती जरा घुटमळली. "कोर्टात समदं ऐकलंय त्यांनी, साहेब. सोंगाचं बी ठाऊक हाय. तरी सनावाराला म्हनतात, त्यास्नी एकदा बोलीव ना गं."

"मग?"

"मग काय. बसते भिंतीला टेकून. आत्याबाई एकच इचारतात. पोराला माफ केलं का म्हनून."

"मग ते काय म्हणतात?" मी विचारले. 'तू काय सांगतेस' असे विचारायला हवे होते, हे माझ्या नंतर ध्यानात आले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

तिने हातातला प्रसाद पदरात नीट बांधला.

"अजून काय बोलले न्हाईत," ती म्हणाली.